भाव नंतर बोला, गावंडेजी

एसटीच्या शेवटच्या सीटवर कोणी आपणहून बसत नाही. दुसरीकडे जागा नसली तर माणूस तिथे जातो आणि पुढचं कोणी उतरलं की उठून पुढे येतो. भगत साहेब रिकाम्या गाडीतही सरळ मागे जायचे. बांधकाम खात्याचा कार्यकारी अभियंता माणूस. ऑफिसच्या दाराशी सरकारी जीप उभी, ड्रायव्हर तंबाखू मळत बसलेला, आणि साहेब पांढरकवड्याच्या एसटीत मागच्या बाकावर, मांडीवर कापडी पिशवी, डोळे मिटलेले.

पहिल्यांदा त्यांना तसं पाहिलं तेव्हा मला वाटलं झोपलेत. मी रस्त्यांचा ठेकेदार, माझं एक बिल त्यांच्याकडे अडकलं होतं, म्हणून मी मुद्दाम शेजारी जाऊन बसलो आणि नमस्कार केला.

"बोलू नका," डोळे न उघडता ते म्हणाले. "जोडमोहा गेलं का?"

"आत्ताच गेलं, साहेब."

"मंग हे तुमचंच काम होय. कंबर सांगून राह्यली."

बिलाचा विषय मी काढलाच नाही. उतरताना त्यांनी स्वतःहून सांगितलं, "जीपमंदी रस्ता साहेबाले खोटं सांगते, गावंडेजी. गादी असते ना. मागच्या सीटवर त्याले खोटं बोलता येत नाही."

माझ्या त्या तुकड्यात थोडे गचके होते, हे मी नाकारत नाही. पण त्या दरात कोणाच्याही तुकड्यात असते. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगेन.

साहेब महागावकडचे. सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारे. बुटके, रुंद खांद्यांचे, शर्टाची वरची गुंडी लावलेली. रागावले की आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा, त्यामुळे त्यांना रागावलेलं ऐकायला टेबलावर वाकावं लागायचं. मी त्यांच्या अगदी उलट. टेबलावर हात आपटल्याशिवाय आपण काही बोललो असं मला वाटत नाही.

त्यांच्या ऑफिसच्या खिडकीत बरण्यांची रांग असायची. काचेच्या, लोणच्याच्या. प्रत्येकीत अर्ध्यापर्यंत काळी माती, बाहेरून त्या उंचीवर बांधलेला लाल दोरा, आणि वर पाणी. बरणीवर गावाचं नाव चिकटवलेलं. आपली काळी माती कापसाला जितकी चांगली तितकीच रस्त्याला वाईट. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आत बसते, आणि वरच्या डांबराची वाट लावते. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण सगळ्या गावांची माती सारखी फुगत नाही, हे साहेबांना बघायचं असायचं. दोऱ्याच्या किती वर माती चढली ते ते रोज सकाळी बघायचे, घरच्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करावी तसे.

ऑफिसातले लोक त्याला साहेबांचं लोणचं म्हणत. एकदा भगतबाई कशासाठी तरी ऑफिसात आल्या आणि खिडकीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माह्या सगळ्या बरण्या अठी हायेत होय! अन मी कामवालीवर आळ घेऊन राह्यली."

"एक तरी ठेवली ना घरी," साहेब म्हणाले.

"थे फुटकी हाय म्हून ठेवली!"

आम्ही दोन-तीन ठेकेदार बाकावर बसलो होतो. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. त्या बरण्यांकडे तोंड करून मी त्या ऑफिसात किती बसलो असेन याला हिशोब नाही, आणि एकदाही उठून नावं वाचली नाहीत.

साहेब भाव करत नसत. भाव करणं हा माझा धंदा आणि माझा स्वभाव, त्यामुळे मला त्यांचं हे बघवायचं नाही. सीताफळांच्या दिवसांत एकदा मी त्यांना यवतमाळच्या बाजारात गाठलं. उकिडवे बसून ते टोपलीतलं एकेक फळ हातात घेत होते. डोळ्यांच्या मधल्या खाचा बघायचे, देठाचा वास घ्यायचे, हलकेच दाबायचे, परत ठेवायचे. एवढ्या वेळात मी सगळा बाजार करून आलो असतो. शेवटी त्यांनी फळं निवडली आणि म्हातारीनं सांगितलेला भाव द्यायला खिशात हात घातला. माझ्यानं राहवेना.

"मावशे, एवढा भाव असते काय? साहेबाले पाहून चढवून राह्यली का?" मी सुरू झालो. उठून जायचं नाटक केलं, परत आलो, दुसऱ्या टोपलीकडे बोट दाखवलं. म्हातारी अर्ध्यावर आली.

"घ्या साहेब," मी म्हणालो.

"नको."

"काहून?"

"मी या भावाची फळं निवडली. आता भाव उतरला तर मले उतरल्या भावाची फळं घ्या लागतीन. पुन्हा कोण निवडत बसते?" आणि त्यांनी म्हातारीला पूर्ण पैसे दिले.

म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "शिका जी काही."

मी त्याच टोपलीतली उरलेली फळं अर्ध्या भावात उचलली, न बघता. त्यातली बरीच दुसऱ्या दिवशी काळी पडली. पण स्वस्त होती.

आता त्या टेंडरचं. ते दिवस कापसाचे वाईट होते. कापसाच्या गाड्या संकलन केंद्रासमोर रांगा लावून उभ्या असायच्या आणि मापाचा पत्ता नसायचा. आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते वाचायला नको वाटायचं. शेतातली मजुरी आटली होती. माझ्याकडे पांढरकवड्याच्या मागच्या कोलाम पोडांवरची, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवरची, माणसं कामाला होती. लच्छू टेकाम त्यांचा मुकादम. मी एका जुन्या ट्रॅक्टरवर मुरूम वाहत या धंद्यात आलो, तेव्हा पहिली ट्रॉली या लच्छूनंच भरून दिली होती. रोज सकाळी तो माझ्या अंगणात येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "भाऊ, यंदा रस्ता भेटन ना?"

"भेटन," मी म्हणायचो. "मी असताना कोण नेते?"

त्याआधीची टेंडरं सोपी होती. खातं नकाशा द्यायचं, अंदाजपत्रक द्यायचं. आम्ही लिहायचो ते इतकंच, की इतके टक्के वर किंवा इतके टक्के खाली. जो सगळ्यात खाली, त्याचं काम. गिट्टीवाला, डिझेलवाला, रोलरवाला, सगळ्यांशी घासाघीस करून मी असा खाली जायचो की बाकीचे डोकं धरून बसायचे. पण हा रस्ता मोठा होता, केळापूरच्या बाजूनं काळ्या मातीतून आणि एका नाल्यावरून जाणारा, आणि त्याचं टेंडर नव्या पद्धतीचं होतं. डिझाईनही ठेकेदारानंच करायचं आणि बांधायचंही त्यानंच. दोन लिफाफे. एकात डिझाईन, दुसऱ्यात भाव.

टेंडरच्या आधी साहेबांनी सगळ्यांना बोलावून फळ्यावर समजावलं. डिझाईनला शंभरपैकी गुण मिळणार. मग प्रत्येकाच्या भावाला त्याच्या गुणांनी भागायचं. "समजा एकाचा भाव नव्वद आणि गुण साठ. दुसऱ्याचा भाव शंभर आणि गुण ऐंशी. नव्वद भागिले साठ म्हणजे दीड. शंभर भागिले ऐंशी म्हणजे सव्वा. ज्याचा आकडा लहान, त्याचं काम. म्हणजे शंभरवाला स्वस्त."

"शंभर नव्वदपेक्षा स्वस्त?" मी उभा राहिलो. "कोणत्या शाळेत शिकवते हे?"

सगळे हसले. साहेबही हसले. "भाव नंतर बोला, गावंडेजी. आधी रस्ता सांगा, कसा करता."

मी अमरावतीचा एक डिझाईनवाला पकडला. त्यानं फी सांगितली. मी ती तशीच देईन अशी अपेक्षा त्यानंही ठेवली नसावी. दोन दिवस घासून मी त्याला निम्म्यावर आणला. त्यानंही काम निम्म्यावर आणलं. मातीचे नमुने घ्यायला दहा ठिकाणी खड्डे करायचे होते, ते त्यानं तीनच केले, आणि तेही जुन्या रस्त्याच्या कडेला, जिथे गाडी उभी करता येत होती. तिथे वर्षानुवर्षांचा मुरूम मातीत मिसळलेला. ती माती बिचारी कशाला फुगते? त्याच्या कागदावर आमची माती सज्जन निघाली. सज्जन मातीला भराव कमी लागतो, मोऱ्या लहान चालतात, आणि भाव खाली येतो. माझा भाव असा खाली आला की मी स्वतःवरच खूश झालो.

डिझाईनचे लिफाफे आधी उघडले. भावाचे लिफाफे लाखेनं बंद करून, त्यावर आम्हा सगळ्यांच्या आडव्या सह्या घेऊन, साहेबांनी लोखंडी कपाटात ठेवले. किल्ली टेंडर समितीतल्या दुसऱ्या इंजिनिअरकडे. मी विचारलं, "आत्ताच उघडा ना, वेळ कायले घालवता?" तर म्हणाले, "एकदा भाव पाह्यला का मंग माणसाले डिझाईन दिसतच नाही. मलेही नाही."

काही आठवड्यांनी गुण वाचायला बोलावलं. नागपूरच्या एका कंपनीला सगळ्यात जास्त गुण. त्यांनी सगळीकडे खड्डे घेतले होते, वाईट मातीत चुना मिसळायचा थर दाखवला होता, रस्ता शेतापेक्षा चांगला उंच उचलला होता, नाल्यावर मोठा पूल. मी मधे कुठेतरी. एका गोष्टीत मात्र मला पूर्ण गुण होते. कापसाच्या हंगामात गाड्यांची वाट एक दिवसही बंद राहणार नाही, हे मी तुकड्या-तुकड्यांनी बाजाराचे वार धरून लिहिलं होतं. ते वाचताना साहेब थांबले आणि म्हणाले, "हे नागपूरवाल्यायले सुचलं नाही."

मग सगळ्यांना म्हणाले, "गुण मान्य असतील तर सह्या करा. भाव उघडल्यावर गुणांवर बोलता येणार नाही."

मी पहिली सही केली. माझा भाव मला माहीत होता.

मग कपाट उघडलं. भाव वाचले. माझा सगळ्यात कमी, आणि थोडाथोडका नाही. लच्छू बाहेर व्हरांड्यात उभा होता. मी दारातून त्याला खूण केली की झालं आपलं. त्यानं दोन्ही हात जोडले.

साहेबांनी खडू घेतला आणि फळ्यावर भागाकार मांडला. कॅल्क्युलेटर टेबलावर होता, पण त्यांनी हातानं केला, सावकाश, प्रत्येकाला तपासता यावा असा. नागपूरवाल्याचा आकडा माझ्यापेक्षा लहान निघाला. किंचित. मी खुर्चीतून उठून फळ्याजवळ गेलो आणि पुन्हा भागून पाहिलं. तेवढाच आला.

माझा हात टेबलावर आपटला गेला. पाण्याचा ग्लास कलंडला.

"साहेब, एक सोपी गोष्ट सांगतो. त्यायचं डिझाईन चांगलं हाय ना? द्या मले. मी माह्या भावात बांधून देतो. सरकारचे पैसे वाचतीन, तुमाले चांगला रस्ता भेटन. बोला!"

नागपूरचा माणूस खुर्चीतच ताठ झाला. साहेबांचा आवाज इतका खाली गेला की सगळी खोली वाकली.

"त्यानं डोकं लावलं, उन्हात खड्डे खणले. थे काढून तुमाले देऊ? मंग पुढच्या टेंडरले डोकं कोण लावन? सगळे बसतीन दुसऱ्याच्या लिफाफ्याची वाट पाहत. तुमीबी."

"माह्या भावात थे बसते, साहेब!"

"नाही बसत. तुमाले माहीत हाय."

बसलं असतं. दगडखाणीवाल्याला मी आणखी खाली आणला असता. हे मी इतक्या वर्षांनंतरही म्हणतो. पण तेव्हा माझ्या तोंडून दुसरंच निघालं. मी व्हरांड्याकडे हात केला.

"थो लच्छू उभा हाय. त्याच्या पोडावरची सगळी माणसं माह्या कामावर हायेत. नागपूरवाला मशीन आणन. तुमच्या या शंभरात मातीले गुण, पुलाले गुण, मोरीले गुण. माणसाले किती?"

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, खडू हातात तसाच. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवतील. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि कागदावर सही केली. नागपूरवाल्याला काम गेलं.

मी निघताना पहिल्यांदा खिडकीकडे नीट पाहिलं. मधल्या चार बरण्यांवर त्याच रस्त्यावरच्या गावांची नावं होती. माती दोऱ्याच्या कितीतरी वर चढून आली होती. टेंडर निघाल्यापासून त्या तिथेच होत्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. नागपूरवाल्यानं पहिल्याच दिवशी उठून वाचल्या होत्या म्हणे.

मला याचाच राग आहे. तोंडानं सांगायला काय झालं होतं? अर्थात, त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर साहेब एकालाच सांगतात म्हणून मीच ओरडलो असतो, हेही खरं.

लच्छूची माणसं मिरची तोडायला आंध्राकडे निघाली. पुढची गोष्ट मला लच्छूनंच सांगितली. बोचकी, भांडी, लहान पोरं घेऊन ते एसटीत चढले आणि जागा नव्हती म्हणून मागे गेले. मागच्या बाकावर साहेब, डोळे मिटून. लच्छूचं भांडं त्यांच्या गुडघ्याला लागलं आणि त्यांनी डोळे उघडले.

"कुठी चालले रे सगळे?"

"मिरचीले जी, साहेब."

"रस्त्याचं काम चालू हाय ना?"

"मशीन हायेत तथी. मशीनले आमी कायले लागतो?"

साहेबांनी एका पोरीला बाकावर जागा करून दिली. त्यानंतर त्यांनी डोळे मिटले नाहीत, असं लच्छू म्हणाला. पांढरकवडा आलं, कंडक्टरनं हाक मारली, साहेब उतरले नाहीत. गाडी जिथे संपत होती तिथे, पार राज्याच्या हद्दीपर्यंत गेले. तिथे हे लोक दुसऱ्या गाडीत चढले आणि साहेब रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभे राहिले. परतीच्या गाडीची वाट बघत असतील. लच्छूनं खिडकीतून हात केला, तर त्यांनीही केला.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. समोर आले तर मान फिरवायचो. वर्षभरानं पुढच्या रस्त्याचं टेंडर निघालं. मी जाणारच नव्हतो. दुसऱ्या ठेकेदारानं फोन केला, "अरे बावा, येऊन तर पाह्य." गेलो, मागे बसलो. फळ्यावर गुणांचे रकाने मांडले होते. माती, पूल, मोऱ्या, वाहतूक. आणि शेवटी नवा रकाना, साहेबांच्या अक्षरात: स्थानिक माणसांना काम, दहा गुण.

ते सगळ्यांना समजावून सांगत होते. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मीही शेवटपर्यंत छताकडे बघत बसलो.

त्या टेंडरसाठी मी सगळे खड्डे घेतले. डिझाईनवाल्यानं सांगितलेली फी दिली. दिली म्हणजे थोडी कमी केली, पण दिली. लच्छूला निरोप पाठवला, परत ये. आणि लिफाफे उघडायच्या आधी साहेबांची बदली झाली. कोकणाकडे. वर कोणाला काय खुपलं ते मला कळलं नाही. नवे साहेब आले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की हा शेवटचा रकाना कोणत्या नियमात बसतो, आणि तो पुसला. टेंडर पुन्हा निघालं, जुन्या पद्धतीनं, टक्के वर आणि टक्के खाली. ते काम मला मिळालं, कारण खाली जाण्यात माझा हात कोणी धरत नाही. लच्छूची माणसं कामावर आली. पण खरं सांगतो, तेव्हा मला टक्क्यांनी काम मिळवायचं नव्हतं. मला त्या फळ्यावर, त्या भागाकारानं, साहेबांसमोर काम मिळवायचं होतं. माझा आकडा लहान येतो हे त्यांनी खडूनं लिहिलेलं मला बघायचं होतं. ते राहिलं, आणि त्याची वसुली कोणाकडे मागायची ते अजून कळलेलं नाही.

निरोपाला मी गेलो. न बोलता हार घातला. भगतबाईंनी बरण्या धुऊन खोक्यात भरल्या होत्या.

"आता घालीन लोणचं," त्या म्हणाल्या.

"घाल बाई," साहेब म्हणाले. "तिकडची माती लाल. फुगतच नाही. मी तथी करू काय?" मग माझ्याकडे वळून हळूच, "खड्डे किती घेतले यावेळी?"

"सगळे."

"मी पाह्यले," ते म्हणाले. "एसटीतून दिसले."

एवढंच.

त्यानंतर ते एकदाच दिसले. रिटायर होऊन महागावकडे राहायला आले होते, असं ऐकलं होतं. मी माझ्या गाडीनं केळापूरकडून येत होतो, त्याच रस्त्यानं, नागपूरवाल्याच्या. पुढे एक एसटी चालली होती. माझा ड्रायव्हर ओव्हरटेक करायला बाजूला निघाला आणि मला मागच्या काचेत डोकं दिसलं. पांढरं झालेलं, पण त्याच रुंद खांद्यांवर. शर्टाची कॉलर वरपर्यंत बंद.

"थांब, मागंच राहू दे," मी म्हणालो.

"काहून भाऊ? धूर खायचा काय?"

"राहू दे म्हणतो ना!"

काळ्या मातीचा तुकडा सुरू झाला. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस, रस्ता शेतांच्या वर उचललेला. मी त्या डोक्यावरून नजर काढली नाही. एक गचका, एक उसळी, मी वाट बघत होतो. नाला आला, पूल गेला. डोकं काचेला टेकलं होतं आणि हलत नव्हतं. फाट्यावर एसटी वळली तेव्हा ती बाजूनं दिसली. तोंड थोडं उघडं, पिशवी मांडीवरून घसरलेली. साहेब गाढ झोपले होते.

आम्हाला सरळ जायचं होतं. ड्रायव्हरनं गाडी पुढे काढली आणि म्हणाला, "रस्ता मस्त झाला ना भाऊ हा?"

"भाव माझाच कमी होता," मी म्हणालो.